संग्रह आणि साठा

१

आपल्याकडे ग्रंथाची समीक्षा होते, ग्रंथकर्त्याची होते, क्वचित प्रकाशकाचीही होते. परंतु ज्या फडताळात तो ग्रंथ वाचकाची वाट पाहत उभा असतो, त्या फडताळाची समीक्षा सहसा कोणी करीत नाही. ग्रंथालय ही एक सोय आहे आणि ग्रंथपाल त्या सोयीचा व्यवस्थापक आहे, अशीच साहित्यिकांची सर्वसाधारण समजूत दिसते. वस्तुतः ग्रंथाविषयीचा पहिला निवाडा समीक्षकाच्याही आधी ग्रंथपाल देत असतो. कोणता ग्रंथ घ्यावयाचा, तो कोणाच्या शेजारी लावावयाचा, कोणता फिरून बांधून घ्यावयाचा आणि कोणता बाद करावयाचा, हे चारही निर्णय वाङ्मयीन मूल्यांशी निगडित आहेत. समीक्षकाचा चुकीचा अभिप्राय दुसरा समीक्षक खोडून काढू शकतो. ग्रंथपालाने रद्दीत काढलेली एकुलती एक प्रत मात्र परत येत नाही.

या दृष्टीने पाहता 'संग्रह' आणि 'साठा' या दोन शब्दांत भेद करणे अगत्याचे आहे. साठा जमतो, संग्रह करावा लागतो. साठ्याची मोजदाद करता येते. संग्रहाची मोजदाद तर होतेच, परंतु त्यात काय आहे, का आहे आणि कोठून आले आहे, हेही सांगता येते. छापील पुस्तकांच्या काळात हा भेद जागेच्या टंचाईमुळे आपोआप पाळला जात असे. कपाट भरले की निवड करावीच लागे. पुस्तकांची प्रतिबिंबे संगणकात साठविता येऊ लागल्यापासून ही सक्ती नाहीशी झाली आहे. हजारो ग्रंथ तळहाताएवढ्या पेटीत मावतात; मग निवडावयाचे कशासाठी, असा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेपेक्षा एखाद्या प्रत्यक्ष स्थळाच्या आधाराने शोधणे बरे. असे एक स्थळ आपल्या भाषेच्या उत्तर सीमेवर आहे.

२

तापीच्या उत्तर तीरावर बऱ्हाणपूर आणि त्याच्या समोर दक्षिण तीरावर जैनाबाद अशी ही दोन गावे आहेत. फारुकी घराण्यातील नासिरखानाने पंधराव्या शतकाच्या आरंभी ती वसविली आणि खुलदाबादच्या दोन सूफी संतांची नावे त्यांना दिली. बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून बऱ्हाणपूर आणि जैनुद्दीन शिराझी यांच्यावरून जैनाबाद. या दोघांचीही संभाषणे त्यांच्या शिष्यांनी लिहून ठेवलेली आहेत. म्हणजे ज्यांची नावे या गावांनी धारण केली, त्यांचे बोलणे ग्रंथरूपाने टिकले, ते कोणी तरी ऐकून, निवडून, उतरवून ठेवले म्हणून.

इतिहासाच्या पुस्तकांत जैनाबादचे नाव येते ते बहुधा मुमताजमहलच्या निमित्ताने. १६३१ च्या जूनमध्ये ती बऱ्हाणपुरात वारली, नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचे दफन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे शव आग्र्याला नेण्यात आले. ठेव येथली आणि स्मारक तेथे, असा हा प्रकार झाला. बऱ्हाणपूरच्या ग्रंथांच्या नशिबीही थोड्याफार फरकाने हेच आले.

अब्दुर्रहीम खानखानान (१५५६–१६२७) आपल्या वाचकांना दोह्यांचा कर्ता म्हणून परिचित आहे. अकबर आणि जहांगीर यांच्या दक्षिणेतील मोहिमांच्या निमित्ताने त्याच्या आयुष्यातील फार मोठा काळ खानदेशात आणि बऱ्हाणपुरात गेला. बाबराच्या आत्मचरित्राचे तुर्कीतून फारसीत भाषांतर त्याने १५८९ साली पुरे केले. त्याचा ग्रंथसंग्रह त्या काळी नावाजलेला होता. त्याच्या आश्रयास असलेल्या अब्दुल बाकी नहावंदी याने १६१६ साली पूर्ण केलेल्या 'मआसिरे रहीमी' या ग्रंथात या संग्रहाच्या परिवाराचे वर्णन आले आहे. हा ग्रंथ पुढे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने छापला. त्यात लक्ष वेधून घेणारी गोष्ट अशी, की ग्रंथांच्या संख्येपेक्षा नहावंदीला माणसांचे महत्त्व अधिक वाटले. लेखनिक, चित्रकार, सोनेरी वेलबुट्टी काढणारे, बांधणी करणारे, आणि या सर्वांमध्ये वावरणारे कवी व विद्वान यांच्याविषयी तो लिहितो. त्या काळचे ग्रंथालय म्हणजे केवळ ग्रंथ ठेवण्याची खोली नव्हती. जेथे ग्रंथ तयार होत, दुरुस्त होत, वाचले जात आणि ज्यांच्याविषयी वाद होत, असा तो एक कारखाना होता. नेमणूक झालेली जाणती माणसे हाच या संग्रहाचा कणा होता.

या कारखान्यातून बाहेर पडलेली सर्वांत मोलाची कृती म्हणजे फारसी रामायणाची एक सचित्र प्रत. अकबराच्या आज्ञेने रामायणाचे संस्कृतातून फारसीत भाषांतर झाले होते. बादशहाच्या परवानगीने रहीमने आपल्यासाठी त्याची वेगळी प्रत तयार करविली. १५९७ ते १६०५ या काळातील ही प्रत सुमारे १३० चित्रांनी सजलेली असून श्यामसुंदर, कासीम, मोहन, गोवर्धन अशा चित्रकारांची कामे तीत आहेत. प्रतीच्या आरंभीच्या कोऱ्या पानावर रहीमने स्वतः एक टीप लिहिली आहे. हा कोणता ग्रंथ आहे, मूळ कोणाचे, भाषांतर कोणी केले, ही प्रत कशी झाली, हे तो तेथे सांगतो. या टिपेत भाषांतरकार म्हणून नकीबखानाचे आणि संस्कृत श्लोक समजावून देणारा म्हणून देव मिश्र या ब्राह्मणाचे नाव आहे. दुसरीकडे इतिहासकार बदायुनी हे भाषांतर आपण केल्याचे सांगतो. दोघांपैकी कोणाचे कितपत खरे, हा संशोधकांचा विषय आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही, की रामायणाच्या संहितेत कोठेही नसलेली माहिती संग्राहकाच्या एका पानी टिपेने जपून ठेवली. संग्राहक हा समीक्षक असतो याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पुढे या संग्रहाची पांगापांग झाली. रामायणाची ही प्रत अखेर कर्नल हॅना या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात गेली आणि १९०७ साली चार्ल्स लँग फ्रीअर या अमेरिकन संग्राहकाने ती विकत घेतली. आज ती वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. रहीमच्या चित्रशाळेशी निगडित असलेली रागमालेची चित्रे ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. आर्चबिशप लॉड याने १६४० साली ती तेथे दिली. अकबराची स्वतःची रामायणाची प्रत जयपूरला आहे आणि त्याची आई हमीदाबानू हिची प्रत दोहा येथील संग्रहालयात आहे.

३

आता या गोष्टीचा उत्तरार्ध. वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने रामायणाच्या या प्रतीची छायाचित्रे सर्वांना पाहता येतील अशा रीतीने महाजालावर ठेवली आहेत. जैनाबादच्या एखाद्या शाळेतील शिक्षकाच्या हाती साधा दूरध्वनी असला, तरी ज्या प्रतीसाठी पूर्वी समुद्र ओलांडावा लागला असता, तिची चित्रे तो मधल्या सुटीत मुलांना दाखवू शकतो. चित्र मोठे करून तो रंगाचे फटकारे पाहू शकतो. त्यासाठी मूळ कागदाला बोटही लागत नाही. डिजिटल प्रतीचा हा लाभ थोर आहे आणि त्याकडे नाक मुरडणे हा कर्मठपणा होईल. विद्वत्तेच्या दृष्टीनेही लाभ उघड आहे. तीन खंडांत विखुरलेल्या प्रती एकाच मेजावर शेजारी ठेवून पाहण्याची शक्यता कागदाने कधीच दिली नसती.

डिजिटल प्रतीचा दुसरा लाभ संकटाच्या वेळी कळतो. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावाने हल्ला केला आणि ग्रंथ व हस्तलिखिते यांची नासधूस झाली. कसर, वाळवी, पूर आणि आग यांच्या जोडीला माणूस हाही ग्रंथाचा शत्रू होऊ शकतो, हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले. ज्या पोथीची दुसरी प्रत नाही, तिचे प्रतिबिंब तरी अन्यत्र सुरक्षित असावे, या मताला त्यानंतर कोणी विरोध करील असे वाटत नाही.

हे सर्व मान्य करूनही प्रश्न उरतो तो असा: रामायणाची छायाचित्रे जैनाबादेत पोचली म्हणजे रहीमचा संग्रह बऱ्हाणपुरास परत आला काय? आला नाही. पडद्यावर परत आले ते एका ग्रंथाचे रूप. त्याचे वर्णन इंग्रजीत आहे. त्याला नाव मिळाले आहे ते विकत घेणाऱ्याचे, करवून घेणाऱ्याचे नव्हे. आणि त्याच्या शेजारी उभे आहेत ते फ्रीअरने जगभरातून जमविलेले अन्य ग्रंथ आणि चित्रे. हा त्या संग्रहालयाचा दोष नव्हे. आपला संग्रह आपल्या दृष्टीने मांडण्याचा प्रत्येक संग्राहकाला अधिकार आहे. परंतु बऱ्हाणपूरच्या दृष्टीने मांडलेली या ग्रंथांची एखादी सूची, मराठीत वा हिंदीत, निघेपर्यंत ती छायाचित्रे या गावाच्या लेखी साठाच राहणार. ग्रंथ परत आणता येत नाहीत; त्यांचा परस्परसंबंध मात्र परत जुळविता येतो. हे जुळविणे म्हणजेच संग्रह करणे होय.

या सूचीत काय काय येऊ शकेल, याचा नुसता अंदाज घेतला तरी विषयाचा आवाका ध्यानात येईल. मुहंमद बिन फझलुल्लाह बऱ्हाणपुरी या सूफी पंडिताने १५९० साली लिहिलेला 'तुहफतुल मुर्सला' हा लहानसा अरबी ग्रंथ सुमात्रा आणि जावा येथपर्यंत गेला आणि त्याचे जावानी भाषेत रूपांतर झाले. औरंगजेबाच्या आज्ञेने जी 'फतावा आलमगिरी' सिद्ध झाली, तिच्या संपादक पंडितांचा प्रमुख शेख निझाम हाही बऱ्हाणपूरचाच. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. त्यामुळे त्यापुढील काळाचा शोध पेशवे दप्तराच्या मोडी कागदांत घ्यावा लागतो. अरबी, फारसी, मोडी मराठी अशा तीन भाषांतील आणि तीन खंडांत विखुरलेले हे साहित्य एका गावाच्या नावाखाली एकत्र नोंदविणे पूर्वी अशक्यप्राय होते. डिजिटल साधनांनी ते शक्य केले आहे. ते केले मात्र साधने करणार नाहीत, माणसांनाच करावे लागेल.

४

साधनांनी आपोआप काय होते, याचा धडा 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पाने दिला आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या पुढाकाराने देशातील ग्रंथालयांमधील लक्षावधी पुस्तकांची पाने यंत्राखाली गेली. त्यांत जुनी मराठी पुस्तकेही मोठ्या प्रमाणावर होती. अनेक दुर्मीळ ग्रंथ या प्रकल्पामुळेच आज वाचावयास मिळतात, ही कृतज्ञतेने नोंदविण्याची गोष्ट आहे. परंतु ज्यांनी या साठ्यात मराठी पुस्तक शोधले आहे, त्यांना त्याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. पुस्तकांची नावे देवनागरीत नव्हती. रोमन लिपीत, आणि तीही नाना तऱ्हांनी मोडूनतोडून लिहिलेली होती. कर्त्याच्या जागी प्रकाशक, वर्षाच्या जागी शून्य, मध्येच गळालेली पाने, असे प्रकार पदोपदी आढळत. एकाच कादंबरीची दोन नावांनी नोंद होई आणि दोन कादंबऱ्या एका नावाखाली लपत. २०१७ च्या सुमारास स्वामित्वहक्कांच्या तक्रारींमुळे हे संकेतस्थळ बंद झाले. त्यातील फार मोठा भाग इंटरनेट आर्काइव्ह या परदेशी संस्थेच्या साठ्यात उतरवून घेतलेला होता, म्हणून तो वाचला. त्याच्याबरोबर त्या चुकीच्या नोंदीही तशाच राहिल्या.

याच्या शेजारी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' ठेवून पाहावी. १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांची ही सूची १९४३ साली प्रसिद्ध झाली आणि १९३८ ते १९५० या काळाचा तिचा दुसरा भाग १९६१ साली आला. तिच्यामागे यंत्र नव्हते, सरकारी खाते नव्हते. एका माणसाची चिकाटी होती. दात्यांच्या सूचीत ग्रंथाचे एकही पान वाचावयास मिळत नाही आणि तरीही मराठी वाङ्मयाचा कोणताही अभ्यासक तिच्यावाचून पाऊल टाकू शकत नाही. उलट त्या डिजिटल साठ्यात लक्षावधी पाने होती, परंतु वाटाड्या नव्हता. एकीकडे ग्रंथांवाचून सूची आणि दुसरीकडे सूचीवाचून ग्रंथ असा हा विरोध आहे. दोहोंपैकी वाचकाला अधिक दूर नेऊन पोचविले ते पहिलीने, हे विसरता कामा नये.

डिजिटल म्हणजे चिरंतन, हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मराठी पुस्तके संगणकावर जुळविली जाऊ लागली तेव्हा प्रत्येक कंपनीची अक्षरयोजना वेगळी होती. 'श्रीलिपी', 'आकृती' अशा संचांत जुळविलेला मजकूर तो तो संच नसलेल्या यंत्रावर उघडला, की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. युनिकोडची सर्वमान्य योजना रूढ होण्याआधीचा बराच मराठी मजकूर या अवस्थेत आहे. मोडी वाचणारे कमी झाले तशी दप्तरे मुकी झाली. परंतु मोडीला निदान दोनशे वर्षे गेल्यावर ही गत आली. संगणकावरील या नव्या मोडीला वीस वर्षांतच तिचे वाचक दुर्मीळ झाले. कागद कपाटात पडून राहिला तरी पुष्कळ काळ तग धरतो. डिजिटल मजकूर दर काही वर्षांनी नव्या साधनावर आणि नव्या योजनेत उतरवून घ्यावा लागतो. त्याला फडताळ नव्हे, सेवेकरी लागतो.

५

येथवरच्या विवेचनावरून छापील ग्रंथालये संग्रहधर्म नीट पाळतात, असा समज होऊ नये. १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करून देशात पहिला मान मिळविला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ साली झाला आणि त्याच्या आधाराने गावोगावी ग्रंथालये उभी राहिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी जी वर्गवारी आहे, तीत ग्रंथसंख्येला स्थान आहे. आणि जेथे संख्येवर अनुदान अवलंबून असते, तेथे संख्या भरून काढण्याचा मोह होणे मानवी स्वभावाला धरूनच आहे. जेथे हा मोह आवरला जात नाही, तेथे सवलतीत मिळणारी, पातळ, एकाच साच्याची पुस्तके वर्षअखेरीस एकगठ्ठा येतात आणि दाखल नोंदवहीत क्रमांक घेऊन बसतात. त्यांना जागा देण्यासाठी जुनी, बांधणी सुटलेली, कडा तुटलेली पुस्तके बाद होतात. नेमकी हीच पुस्तके पुष्कळदा अन्यत्र नसतात. छापील साठाही असा संग्रहाला मारक ठरतो.

सीमेपलीकडच्या मराठी वाचकाची अडचण आणखी निराळी आहे. बऱ्हाणपूर पूर्वी मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मध्य प्रदेशात राहिले आणि १५ ऑगस्ट २००३ रोजी स्वतंत्र जिल्हा झाले. पलीकडे जळगाव जिल्ह्याचा रावेर तालुका लागून आहे. बाजार, सोयरीक, केळीची शेती यांना ही सीमा अडवीत नाही. ग्रंथालयाच्या अनुदानाला मात्र अडविते. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा जैनाबादेस लागू नाही आणि मराठी ग्रंथांची चिंता वाहणे हे मध्य प्रदेशाच्या दृष्टीने मुख्य कार्य असू शकत नाही. अशा ठिकाणी मराठी पुस्तके घराघरांत असतात, शिक्षकांच्या पेट्यांत असतात, देवळाच्या माळ्यावर असतात. आणि घरातील जुने माणूस गेले, की ती रद्दीच्या तागडीत जातात. त्यांची नोंद कोणत्याही प्रांताच्या सूचीत नसते.

ही हानी किती मोठी असू शकते, ते खानदेशानेच एका प्रसंगी दाखवून दिले आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या आणि गाणी घरातल्या माणसांनी वहीत उतरून ठेवली होती. १९५१ साली त्या वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' प्रसिद्ध झाली. गळ्यातून वहीत आणि वहीतून छापील पानावर असा हा तीन पायऱ्यांचा प्रवास आहे. मधली पायरी, म्हणजे ती साधी वही, निसटली असती, तर आज खानदेशातील विद्यापीठाला जिचे नाव आहे ती कवयित्री आपल्याला ठाऊकच झाली नसती. अशा आणखी किती वह्या तापीच्या दोन्ही तीरांवरच्या घरांत असतील? कोणतेही मोठे डिजिटल भांडार त्या शोधावयास येणार नाही. कारण त्या कोठे आहेत हे फक्त गावातल्या माणसाला माहीत असते.

याच खानदेशात धुळ्याने या बाबतीत मार्ग घालून दिला आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गावोगाव हिंडून मिळविली आणि त्यांसाठी वाग्देवता मंदिर उभारले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास निवर्तले, तेव्हा त्यांनी जमविलेले कागद पांगू नयेत म्हणून तेथे राजवाडे संशोधन मंडळ निघाले. हे काम राजधानीच्या शहराने नव्हे, जिल्ह्याच्या गावाने केले, ही गोष्ट जैनाबादसारख्या ठिकाणच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

६

निवडीवर एवढा भर देण्याविरुद्ध एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. निवडणारा माणूस आपल्या काळाच्या रुचीने आणि पूर्वग्रहांनी बांधलेला असतो. त्याने टाकाऊ ठरविलेले पुढच्या पिढीला मोलाचे वाटू शकते. मग निवड म्हणजे एक प्रकारची गळचेपीच नव्हे काय? तमाशाच्या वगांची बाडे, भिंतीवरची पत्रके, जातिसंस्थांची मासिके यांना आपल्या प्रतिष्ठित ग्रंथालयांनी दीर्घकाळ दार बंद ठेवले होते, हे आठवले म्हणजे या आक्षेपाची धार जाणवते.

याला उत्तर पेशवे दप्तराच्या इतिहासात सापडते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या आगेमागे त्या दप्तरातील हजारो रुमाल चाळवून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. त्यांच्या निवडीवर टीका झाली. पुढील अभ्यासकांनी राजकारणापलीकडचे, शेतीचे, कराचे, न्यायाचे कागद त्याच दप्तरातून काढून निराळा इतिहास लिहिला. हे त्यांना करता आले, कारण न निवडलेले रुमाल जागच्या जागी होते. निवड प्रामाणिक राहण्याची अट ही आहे. जे निवडले ते का निवडले हे सांगितले पाहिजे आणि जे निवडले नाही त्याचा ठावठिकाणा नोंदलेला असला पाहिजे. डिजिटल साधनांची खरी मदत येथे होऊ शकते. जे ग्रंथालयास ठेवणे परवडत नाही, त्याची निदान नोंद आणि प्रतिबिंब ठेवता येते. साठा हा संग्रहाचा शत्रू नव्हे; संग्रहामागे उभा असलेला तो राखीव माल आहे. त्याला संग्रह म्हणू नये, एवढेच.

या विवेचनातून लहान ग्रंथालयांसाठी काही व्यवहार्य सूत्रे निघतात. पहिले असे, की जे ग्रंथ सर्वत्र मिळतात त्यांची डिजिटल प्रत पुरेशी मानण्यास हरकत नाही, परंतु जे फक्त आपल्याच गावी आहे त्याचा कागद प्राणपणाने सांभाळावा. शाळेचे वार्षिक अंक, सहकारी संस्थांचे अहवाल, स्थानिक छापखान्यातून निघालेली आरत्यांची आणि लग्नगीतांची चोपडी, हाताने लिहिलेल्या वह्या, हे सर्व या दुसऱ्या वर्गात येते. अभिजात कादंबरीची पंचविसावी प्रत गेली तर वाङ्मयाचे काही बिघडत नाही. या चोपड्याची पहिली प्रत हीच शेवटची असते.

दुसरे सूत्र प्रतिबिंब घेण्याविषयीचे. पुस्तकाचे प्रतिबिंब घेताना फक्त मजकुराची पाने घेण्याची रीत घातक आहे. मुखपृष्ठ, कोरी पाने, मालकाची सही, बक्षीस मिळाल्याची चिठ्ठी, जाहिराती, ग्रंथालयाचे शिक्के, हे सर्व घेतले पाहिजे. रहीमच्या रामायणाचे आरंभीचे पान कोरे समजून कोणी वगळले असते, तर भाषांतरकाराविषयीचा तो पुरावाच नाहीसा झाला असता. आणि प्रतिबिंब घेतल्यावर मूळ प्रत टाकून देण्याची घाई तर कधीच करू नये. आपला कायदाही हेच सुचवितो. २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली, ती त्या ग्रंथाची कागदी प्रत ज्या ग्रंथालयाजवळ आहे त्यालाच. १९६० पर्यंत दिवंगत झालेल्या लेखकांच्या ग्रंथांवरील स्वामित्वहक्क २०२१ च्या आरंभापर्यंत संपुष्टात आले आहेत; तेथे तर कसलीच अडचण नाही.

तिसरे सूत्र नोंदीचे. नोंद देवनागरीत असावी, कर्त्याचे नाव तो स्वतः लिहीत असे तसे असावे आणि ग्रंथ कोणाकडून, कधी आला हे दाखल नोंदवहीत अवश्य लिहावे. डिजिटल प्रतीलाही दाखल क्रमांक द्यावा. ती कोणत्या प्रतीवरून, कोणी, केव्हा घेतली हे तिच्यापाशी लिहिलेले असावे. ज्या फाइलला कुळशील नाही, तिच्यावर अभ्यासकाने विश्वास का ठेवावा?

चौथे सूत्र बाद करण्याविषयी. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे रंगनाथन यांचे १९३१ चे सूत्र सर्वांना परिचित आहे. परंतु वाढ म्हणजे फुगणे नव्हे. जुने काढावेच लागते. ते काढण्यापूर्वी दोन जाणत्या व्यक्तींनी यादी पाहावी, दात्यांच्या सूचीशी आणि जवळच्या मोठ्या ग्रंथालयाच्या तालिकेशी ताडून पाहावी आणि एकटी प्रत आढळल्यास ती रद्दीत न देता जिल्ह्याच्या संशोधन संस्थेकडे सोपवावी. या कामाला पैसा फारसा लागत नाही. दोन दुपारी लागतात.

आणि शेवटचे सूत्र आपल्यासारख्या साहित्यसंस्थांसाठी. परीक्षणार्थ आलेल्या पुस्तकांवर आपण लिहितो, पारितोषिके देतो, संमेलने भरवितो. सीमाभागातील एखाद्या तालुक्याची ग्रंथसूची करणाऱ्या शिक्षकाला मात्र आपल्या पारितोषिकांच्या यादीत जागा नसते. हे काम समीक्षेच्या तोडीचे आहे, असे संस्थेने मानले, तरच ते करण्यास कोणी पुढे येईल.

७

रहीमच्याच कारकीर्दीत, १६१५ च्या सुमारास, बऱ्हाणपूरला पाणी पुरविण्यासाठी भूगर्भातून एक योजना करण्यात आली. आज तिला कुंडी भंडारा म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारात गोळा करून उताराने शहराकडे आणलेले आहे आणि त्या भुयारावर ठरावीक अंतराने शंभरावर कुंड्या आहेत. त्यांतून हवा आत जाते, गाळ काढता येतो आणि पाणी कोठवर आले ते वाकून पाहता येते. डोंगरात पाणी होतेच. ते शहराला मिळाले ते या व्यवस्थेमुळे, आणि चार शतके टिकले ते कोणी तरी कुंडीत उतरून गाळ काढीत राहिले म्हणून.

ज्ञानाचे पाणी आज पूर्वीपेक्षा पुष्कळच अधिक झिरपते आहे. छापील पुस्तके थांबलेली नाहीत आणि डिजिटल प्रतींना तर अंत नाही. उणीव आहे ती कुंड्यांची, म्हणजे सूचींची, नोंदींची आणि त्या राखणाऱ्या माणसांची. रहीमचे ग्रंथ बऱ्हाणपुरातून गेले, त्याचे दुःख आता करून उपयोग नाही. परंतु तापीकाठच्या घरांत आज असलेली मराठी पुस्तके आणि वह्या उद्या तेथे असतील की नाही, हे अजून ठरावयाचे आहे. ते ठरविणे वॉशिंग्टनच्या हाती नाही, मुंबईच्या वा भोपाळच्याही हाती नाही. जैनाबादेतील एखादा शिक्षक एक कोरी वही घेऊन दारोदार गेला आणि त्याने पहिल्या पुस्तकाचे नाव, कर्ता, साल आणि ते ज्यांच्याकडून मिळाले त्यांचे नाव लिहिले, तर तेवढ्याने संग्रहाला आरंभ होईल. त्याला यंत्र लागेल ते त्यानंतर.